आईचा आवाज गाडीभर

आमच्या घरी गाडी आली तेव्हा तिच्या इंजिनाबद्दल कोणी फारसं बोललंच नाही. सगळ्यांना कौतुक होतं ते समोर बसवलेल्या पडद्याचं. बाबांचं नांदगाव खंडेश्वरला बियाण्यांचं आणि पंपांचं दुकान, आणि माझ्या शिक्षणासाठी आम्ही अमरावतीला राजापेठेत भाड्याने राहत होतो. बाबा रोज सकाळी गाडी घेऊन दुकानात जात आणि दिवे लागायच्या सुमारास परत येत. ते आले की मी खाली जाऊन गाडीत बसायची. गाडीसोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घरात फक्त मी वाचलं होतं, त्यामुळे गाणी, रेडिओ, फोन जोडणं, पुढचा-मागचा आवाज कमीजास्त करणं, हे सगळं खातं माझ्याकडे आलं होतं. गाडी सुरू केली की आतून एक बाई इंग्रजीत सांगायची की फोन जोडला गेला. आई पहिल्यांदा दचकली होती. "हे कोन बोलून रायली वं?" असं तिनं विचारलं, आणि नंतर कित्येक दिवस त्या बाईला ती 'तुह्या बाबाची इंग्रजी बाई' म्हणत असे. बाबा खूष होऊन हसायचे.

बाबांना ऐकायला जरा कमी यायचं. डिझेल इंजिनं चालवून दाखवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. रस्त्यावरच्या आवाजात फोन नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी माझ्याकडून फोनचा आवाज वाढवून घेतला होता. गाण्याचा आवाज वेगळा आणि फोनचा वेगळा ठेवता येतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा "शाब्बास, शितल!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. स्टिअरिंगवर अंगठ्याजवळ एक छोटं बटण होतं. ते दाबलं की फोन उचलला जाई, पुन्हा दाबलं की बंद होई. गाडीत कोणी नवीन माणूस बसलं आणि नेमका फोन आला, की बाबा ते बटण असं ऐटीत दाबायचे की बस. "पाहा भाऊ, हात लावाची गरजच नाई!"

प्रज्ञा वानखडे मला शिकवणीत भेटली. ती बडनेऱ्याहून यायची. तिचे वडील रेल्वेत होते आणि ते स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये राहत. सकाळची शिकवणी संपून दुपारची सुरू व्हायला बराच वेळ असे, तेवढ्यासाठी बडनेऱ्याला जाऊन परत येणं शक्य नव्हतं, म्हणून एके दिवशी मी तिला घरी जेवायला घेऊन आले. आईनं नाव विचारलं. वानखडे म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मला आजही तो दिसतो. आईचं माहेरचं आडनाव वानखडे. "अवं, तू त माह्या माहेरची निंगाली!" ती म्हणाली आणि प्रज्ञाच्या ताटात तिनं आणखी एक भाकर वाढली. आमच्याकडे एकच आडनाव कितीतरी समाजांत असतं, आणि म्हणूनच 'कोणते वानखडे' हा प्रश्न लोक ओळख होता होताच विचारतात. आईनं तो विचारला नाही. तिला इतका आनंद झाला होता की विचारायचं राहून गेलं असावं. प्रज्ञानं आपण होऊन सांगण्याचं कारणच नव्हतं, आणि मला माहीत होतं, पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर ती जवळजवळ रोजच यायची. कढीगोळे केले की आई तिच्यासाठी वाटीभर झाकून ठेवायची. प्रज्ञाला शेंगदाण्याची चटणी तिखट लागायची, तर आई तिच्यापुरती कमी तिखटाची वेगळी कुटायची. परीक्षेच्या दिवसांत प्रज्ञाचे डोळे दुखायला लागले, तेव्हा आईनं तिला आमच्या पलंगावर झोपवून डोळ्यांवर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि मला दुसऱ्या खोलीत अभ्यासाला पिटाळलं. मला थोडा हेवाही वाटला होता. हे सगळं एवढ्या सविस्तर लिहिते आहे, कारण पुढचं सांगताना आईबद्दल वाचणाऱ्याचं मन लगेच पक्कं होऊ नये, अशी माझी इच्छा आहे. माझं स्वतःचं अजून झालेलं नाही.

बारावीनंतर आम्हा दोघींना शेतकीच्या पदवीला जायचं होतं. प्रवेशाच्या फेरीला अकोल्याला स्वतः हजर राहावं लागणार होतं. बाबा म्हणाले, आपण गाडीनंच जाऊ, प्रज्ञाला आणि तिच्या वडिलांनाही बडनेऱ्याहून घेऊ, कशाला वेगवेगळं जायचं. आईनं पहाटे उठून दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या. सोबत चटणी, लोणचं, आणि प्रज्ञासाठी वेगळ्या पुडीत कमी तिखटाची चटणी. "तिच्या बाबाले पोटभर खाऊ घालजा," असं तिनं बाबांना दोनदा बजावलं. तिला स्वतःलाही यायचं होतं, पण घरी नळाचं काम निघालं होतं.

बडनेऱ्याला प्रज्ञाच्या वडिलांनी चहा घेतल्याशिवाय निघू दिलं नाही. वानखडे काका उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. आम्ही आत गेलो. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना ताजा हार. बाबा क्षणभर तिकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले. काकूंनी पोह्यांच्या बशा आणल्या आणि बाबांनी पोहे खाल्ले, चांगले झाले म्हणून सांगितलं, चहाही घेतला. मला हायसं वाटलं. का वाटलं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. निघायच्या आधी ते बाहेर जाऊन फोनवर बोलताना दिसले, कुंपणाकडे तोंड करून, हलक्या आवाजात. मला वाटलं दुकानातल्या पोऱ्याशी बोलत असतील.

गाडीत मी नेहमीप्रमाणे पुढे, कारण पडदा माझ्या ताब्यात. प्रज्ञा आणि काका मागे. बाबांचा फोन बोलण्यासाठी जोडलेला होताच, गाण्यांसाठी मी प्रज्ञाचा फोन जोडून घेतला. तिला फार गंमत वाटली. मग काकांना बोलायला सोपं जावं म्हणून मी गाण्याचा आवाज अगदी कमी केला. बाबा आणि काका पावसापाण्याच्या गोष्टी करत होते. सोयाबीन उगवून वर आलं होतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या रानात हिरव्या ओळी दिसत होत्या. मूर्तिजापूर मागे पडलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर 'घर' अशी अक्षरं आली. आईचा फोन.

बाबांनी मागे जरा मान वळवून म्हटलं, "पाहा भाऊ, हे असं," आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

आईचा आवाज गाडीभर पसरला. घरी असली की आईसाठी फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू. आपण बोललेलं तिकडे चारचौघांत ऐकू जातं, हे तिच्या ध्यानातच येत नसे.

"मले आता काई सुचून नाई रायलं," आई म्हणाली. "तुमी सांगतलं तवापासून माह्या हातापायातला जीवच गेला. वर्षभर ती पोट्टी माह्या चुलीजवळ बसून जेवली! जयभीमवाले हायेत हे शितलले ठाऊक असंल ना? काहून नाई सांगतलं तिनं मले?"

"अवं, आमी गाडीत हावो," बाबा म्हणाले.

"असा ना गाडीत! पैले ऐका माहं. तिचं ताट मी वेगळं काढून ठेवलं. आन तो डबा त्याईलेच देऊन टाका सगळा. त्याईचा हात लागल्यावर तुमी त्यातलं खाऊ नका. मले माहीत असतं त म्या दशम्या केल्याच नसत्या."

हे सगळं बोलायला किती वेळ लागला असेल? फार थोडा. तेवढ्यात माझ्या हातून जे झालं ते असं. मी आवाजाचं गोल बटण फिरवलं, ते उलट्या बाजूनं. आवाज वाढला. मग मी ते दाबलं, तर पडदा काळा झाला आणि आवाज तसाच राहिला. पडद्यावर लाल खूण असते, ती दाबली की फोन बंद होतो, हे मी घरातल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. आता पडदाच काळा, खूण दिसेना. मी त्या काळ्या काचेवर बोटं आपटत राहिले. बाबांचा अंगठा बटणापासून पुरता वीतभरही दूर नव्हता, पण ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होते. शेवटी ते ओरडले, "अवं, फोन गाडीवर हाये! सारे ऐकून रायले!"

तिकडे आईचा श्वास ऐकू आला. मग फोन बंद झाला.

आणि फोन बंद होताच, या यंत्राची रीतच आहे तशी, थांबलेलं गाणं आपोआप पुन्हा सुरू झालं. घाईत मी गोल बटण पुन्हा फिरवलं, तेही उलटंच, आणि ते मोठ्यानं वाजू लागलं. नाचाचं, हसण्याखिदळण्याचं गाणं होतं. मी आणखी काही करण्याआधीच ते थांबलं. मागे प्रज्ञानं तिच्या फोनवरून बंद केलं होतं.

मी मागे वळून पाहिलं नाही. माझे कान इतके तापले होते की खिडकीची काच त्यांना लावावीशी वाटत होती. आरसा होता, पण त्यातही बघायची हिंमत झाली नाही. आपल्या आईची लाज वाटणं ही काय गोष्ट असते, हे मला त्या दिवशी कळलं. ती पोटात एका जागी बसत नाही, सगळ्या अंगात हिंडते. आणि त्याच वेळी घरी नळाखाली पाण्यात उभी असलेली, तोंडावर पदर घेतलेली आई माझ्या डोळ्यांपुढे येत होती आणि तिची दया येत होती. त्या दयेचीही लाज वाटत होती, कारण मागे प्रज्ञा बसली होती.

मग वानखडे काका बोलले. आवाज मघासारखाच सावकाश. "भाऊ, बोरगाव मंजूले थांबू जरा. निंबाखाली चहाची टपरी हाये."

बाबांनी गाडी थांबवली. आम्ही उतरलो. काकांनी चहा सांगितला, बाकावर बसले, आणि म्हणाले, "वैनीनं डबा देला ना? काढा मंग. भूक लागली."

बाबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. काकांनी पुन्हा सांगितलं. मी डिकीतून डबा आणला. काकांनी तो मांडीवर घेतला, उघडला, एक दशमी घेऊन तिच्यावर चटणी पसरली आणि खाऊ लागले. घाई नाही, राग नाही. घरी बसून जेवावं तसे जेवत होते. प्रज्ञापुढे डबा धरला तर तिनं मान फिरवली आणि ती रस्त्यावरच्या ट्रककडे बघत राहिली. एक दशमी संपवून काकांनी दुसरी घेतली, तिला चटणी लावली, घडी केली आणि बाबांपुढे धरली.

"घ्या, भाऊ."

टपरीवाला चहा गाळत होता, त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माहा उपास हाये, भाऊ, आज."

सकाळीच त्यांच्या घरी बशीभर पोहे खाल्लेले. काकांनी वाढलेले नव्हे, काकूंनी वाढलेले, पण काकांच्या समोर बसून. मला वाटलं काका आता ते बोलून दाखवतील. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. "उपासाले काई जबरदस्ती नाई." पण हात मागे घेतला नाही. दशमी तशीच हवेत राहिली. मला ते बघवेना. मी पुढे झाले, त्यांच्या हातातून ती घेतली आणि खाऊ लागले. एकेक घास मी चहाच्या घोटाबरोबर ढकलत होते, आणि आपण काहीतरी मोठं केलं असं मनात कुठंतरी वाटतही होतं.

प्रज्ञा पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "तू काहून खाल्ली?" ती म्हणाली. "माह्या बाबानं तुह्यासाठी नव्हती धरली ते."

  तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. काकांचा प्रश्न बाबांना होता, आणि मी मध्ये पडून बाबांना वाचवलं होतं.

आम्ही अकोल्याला पोचलो. फेरीच्या गर्दीत आम्ही वेगळ्या रांगांत उभ्या राहिलो. प्रज्ञाला अकोल्यातच जागा मिळाली. मलाही तिथं मिळत होती, दोघींनी एकत्र राहायचं आम्ही केव्हाचं ठरवलं होतं, पण माझं नाव पुकारलं तेव्हा मी अमरावतीचं कॉलेज मागितलं. तिच्यासमोर रोज सकाळी उभं राहण्याची ताकद माझ्यात नव्हती. परत निघताना काका म्हणाले, "आमी आगगाडीनं जातो, भाऊ. आमी रेल्वेचे मानसं." बाबांनी फार आग्रह केला नाही.

येताना गाडीत आम्ही दोघंच. बाबा काही वेळानं त्या पडद्यावर चिडले. हे काढूनच टाकतो, म्हणाले, साधा रेडिओ बसवतो. मी म्हटलं, "त्यानं काय केलं, बाबा?"  पुढे, मी न विचारता, बाबा म्हणाले, "पोहे खाताना मले काईच वाटलं नवतं, शितल. खरं सांगतो. चांगलेच लागले मले."

"मंग दशमी?"

"तुही आई तसं बोलली ना..." एवढं म्हणून ते थांबले. "तिचं ऐकल्यावर हातच उचलला गेला नाई." त्यांचा आवाज असा झाला होता की मी पुढे विचारलं नाही. बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांनी एकदा मला वानखडे भाऊ कसे आहेत असं विचारलं होतं. मला माहीत नव्हतं.

घरी आलो तर आई दारातच उभी. "त्याईनं सारं ऐकलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सारं. ती आत गेली. मी ओरडायचं ठरवूनच आले होते, वाक्यं तयार केली होती, आणि ओरडलेही.  तिनं ऐकू गेल्याची लाज बाळगली की बोलल्याची, हे मला त्या वेळी कळेना, आणि पहिल्या काही दिवसांत मला वाटतं ती फक्त ऐकू गेल्याचीच होती. नातेवाइकांना कळू नये म्हणून ती मला दोनदा बजावून गेली. प्रज्ञा मात्र पुन्हा आमच्या घरी आली नाही. आता ती एका दूरच्या जिल्ह्यात अधिकारी आहे. एकदोनदा कुणाच्या लग्नात भेटलो तर नीट बोलली, माझ्या मुलीचं नाव विचारलं. तिला कोणी घरी ये म्हटलं तर ती हसते आणि पुढे निघते, निदान मला तरी तसंच केलं.

त्याच वर्षी, कॉलेज सुरू व्हायच्या सुमाराला एके दुपारी आई साडी बदलून आली आणि म्हणाली, "चाल, बडनेऱ्याले जाऊ." बाबांना सांगितलं नाही. आम्ही बसनं गेलो. क्वार्टरचं दार उघडंच होतं. दारात प्रज्ञाच्या चपला होत्या. काकूंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आईनं ते प्यायलं, सगळं, आणि रिकामा पेला हातातच धरून बसली. मग नळाच्या कामाबद्दल बोलली. पावसाबद्दल बोलली. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. आतल्या खोलीच्या पडद्याआड कोणीतरी होतं, पण तिथून कुणी बाहेर आलं नाही.

आम्ही उठलो तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमाले सवय हाये, वैनी, असं ऐकाची. लहानपणापासून हाये. पोरीले नवती. तिले वाटे, तुमचं घर तिचंच हाये."

आईनं मान हलवली. आम्ही थांब्यावर आलो. बस आली, मी पायरीवर पाय ठेवला, तर आई खालीच. कंडक्टर ओरडला. आई म्हणाली, "ज्याच्यासाठी आली ते त बोललीच नाई मी." बस निघून गेली. तिनं हातातली पिशवी माझ्याकडे दिली. मी तिच्याबरोबर निघाले तर म्हणाली, "तू नको येऊ."

ती एकटीच परत गेली. क्वार्टर थांब्यावरून दिसत होतं. तिनं दारावर थाप मारली. दार उघडलं, पण उघडणारं कोण होतं ते आईच्या आड झाल्यामुळे मला दिसलं नाही. आई पायरीच्या खालीच उभी राहिली, आत गेली नाही. हातात पदराचं टोक धरून ती काहीतरी बोलत होती. इतक्या दूरवरून मला एक शब्द ऐकू येत नव्हता. बराच वेळ बोलली. मध्येच थांबली, खाली बघितलं, पुन्हा बोलली. मग दार लागलं, आणि ते लागल्यावरही ती थोडी तशीच उभी होती.

परत आली तेव्हा मी विचारलं, "कोन होतं दारात? काय म्हनलं?"

तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली. "तुले नाई सांगनार," ती म्हणाली, आणि पुढची बस येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.